बाहीतला वास

भेटीची वेळ संपली की वॉर्डातली सिस्टर दार आतून लावून घ्यायची आणि जाळीच्या काचेतून एकदा मान हलवायची, तेवढंच. आज ती भिंगरीच्या आईच्या मागोमाग जिन्यापर्यंत आली. दार ओढून घेतलं, वाजू नये म्हणून किल्ल्यांचा जुडगा मुठीत धरला आणि म्हणाली, "ताई, एक विचारू? रागावू नका. तुम्ही कामाला कुठे जाता?"

"बुटांच्या कारखान्यात."

"तिथं काय करता?"

"तळ चिकटवते. वरचा भाग शिवून येतो, त्याला मी तळ लावते."

सिस्टरनं मान हलवली, हरवलेलं बटण सापडावं तशी. मग तिच्या राखाडी स्वेटरच्या बाहीला दोन बोटं लावली, कोपराच्या वर, जिथं लोकर अजून ओली होती. "लेक इथंच तोंड खुपसते ना? दर वेळी इथंच? मागच्या रविवारी लांबून बघितलं होतं. आज मुद्दाम जवळ उभी राहिले. ताई, कसं सांगू तुम्हाला... ती तुम्हाला बिलगत नाही हो. ती वास घेते. तुमच्या त्या चिकटवायच्या सोल्युशनचा."

"कसला वास?" ती म्हणाली.

सिस्टर तिच्याकडे बघत राहिली. "तुम्हाला येत नाही?"

तिनं बाही नाकाशी नेली. काहीच नाही. भिंतीचा वास घ्यावा तसं. सिस्टर तेवढ्यात पुढचं सांगून टाकत होती, सांगण्याचं ओझं लवकर उतरावं अशा घाईनं: डॉक्टरीणबाईंच्या कानावर घालावंच लागेल, पुढच्या रविवारी तुम्ही वास न लावता या, पोरगी शांत राहिली तर भेटी चालू राहतील, पण बिथरली, आपटाआपट केली, तर मग काही आठवडे भेटी बंद. "तिच्याच भल्यासाठी, ताई." आतून कुणीतरी दारावर थापा मारायला लागलं आणि सिस्टर गेली. काचेतून तिनं मान हलवली की नाही, हे बघायचं राहूनच गेलं.

जिना उतरताना तिचा हात कठड्यावर होता आणि दुसरा हात त्या ओल्या बाहीवर, जखमेवर धरावा तसा. ती ओल डोळ्यांची आहे असं तिनं धरलं होतं. पहिल्या भेटीत भिंगरीनं तिच्याकडे बघितलंसुद्धा नव्हतं, खुर्चीवर उलटी फिरून भिंतीकडे तोंड करून बसली होती, आणि वॉर्डातला एक पोरगा, ज्याला सगळे वकील म्हणायचे, तोच मध्ये पडून म्हणाला होता, "काकू, मनाला लावून घेऊ नका, ती भिंतीशी पण नीट बोलत नाही." दुसऱ्या भेटीत मात्र भिंगरी उठून आली. काही न बोलता आली, तिच्या शेजारी बसली आणि तिच्या दंडावर तोंड टेकून राहिली, घंटा होईपर्यंत. आई हललीसुद्धा नव्हती. हाताला मुंग्या आल्या, बोटं बधिर झाली, तरी नाही. किती वर्षांनी त्या पोरीचं डोकं तिच्या अंगाला लागलं होतं. गेली काही वर्षं हात पुढे केला की भिंगरी अशी काही मागे सरायची, जसा तो हात गरम तवाच आहे. घरी आल्यावर तिनं स्वेटर काढून खुर्चीच्या पाठीवर घातला आणि धुतला नाही. लेकीची आसवं वाळली आहेत त्यात, असं म्हणून नाही धुतला. दर रविवारी तोच घातला. आणि आठवडाभर कामावरही तोच, कारण तो अंगावर असला की एका बाजूला थोडं जड, थोडं ऊबदार वाटायचं, कुणीतरी टेकल्यासारखं.

बसमध्ये ती खिडकीशी बसली. शेजारची जागा रिकामी होती. एक बाई पिशवी सांभाळत आली, बसायला वाकली आणि पुढच्या खांबाला जाऊन उभी राहिली. आता ती हे बघत होती. आजपर्यंत तिनं हे बघितलं नव्हतं, की बघून वेगळंच समजून घेतलं होतं? तिला नेहमी वाटायचं, आपलं नशीब या एका बाबतीत बरं, बसमध्ये कधी चेंगरून बसावं लागत नाही. घरी सांगायचीसुद्धा भिंगरीला, हसत हसत, की मी चढले की बस माझ्यासाठी जागा करते. भिंगरी तेव्हा लहान होती. तिला ते खरं वाटायचं. तिला ते कधीपासून खोटं वाटायला लागलं असेल?

कारखान्यात नाक मरतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्याची गंमतच होती. नवी पोरगी कामाला लागली की पहिले काही दिवस तिचं डोकं धरतं, ती सारखी दाराशी जाऊन उभी राहते, डबा उघडला की तिची अन्नावरची वासना उडते. म्हाताऱ्या बाया म्हणतात, थांब गं, मरेल. आणि मग एके दिवशी ती पोरगी मान वर करून म्हणते, "आज वास नाही का आला?" की सगळं टेबल हसतं, कुणीतरी चहा मागवतं, मुकादम म्हणतो, झाली ही आपली, आणि तिला दाराजवळच्या जागेवरून उठवून आतल्या टेबलाशी बसवतात. तिलाही असंच बसवलं होतं. भिंगरीचा बाप तेव्हा नुकताच ट्रक घेऊन गेला होता. तो गेला तो गेलाच, जसा काही त्याचा रस्ता कुठे संपतच नव्हता. त्या दिवशीचा चहा तिला आठवतो. गोड होता, आणि त्याला चहाचा वास नव्हता. पण आतल्या टेबलाशी बायांनी सरकून जागा केली होती, आणि त्या महिन्यात कुणीतरी तिच्यासाठी सरकून जागा करणं ही लहान गोष्ट नव्हती. त्या चहाच्या बदल्यात आपण काय दिलं, हे तेव्हा कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी तिनं दिलंच असतं. पोटाला नाक कुठे असतं?

मग तिला डॉक्टरीणबाईंची खोली आठवली. पहिला दिवस. भिंगरी शाळेच्या मागच्या भिंतीशी पडलेली सापडली होती, बरोबरच्या दोघीजणी पळाल्या होत्या, आणि शाळेतून निरोप येईतो तिला इस्पितळात आणलंही होतं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, त्यांच्या चष्म्याची एक काडी चिकटपट्टीनं जोडलेली होती. ती समोर बसली तशा त्या उठल्या आणि त्यांनी खिडकी उघडली. बाहेर थंडी होती. मग म्हणाल्या, "घरी असं काही असतं का? रंग, थिनर, चिकटवायचं काही?" आणि ती ठामपणे म्हणाली होती, "माझ्या घरात असलं काही नाही. माझं घर स्वच्छ आहे." डॉक्टरीणबाईंनी खिडकीकडे बघितलं, मग तिच्याकडे, आणि पुढचा प्रश्न विचारला. वर्तनाचा विकार, असं त्या म्हणत होत्या, आणि त्यावर हे हुंगण्याचं व्यसन. दोन्ही एकमेकांना धरून चालतात, एकाला उचललं की दुसरं येतं. तिला 'वर्तन' हा शब्द ओळखीचा होता. प्रगतिपुस्तकात अगदी खाली असायचा. भिंगरीच्या त्या रकान्यात आधी 'चंचल' लिहिलेलं असायचं, पुढे 'सुधारणा हवी', आणि मग वर्गाच्या बाईंनी लिहिणं सोडून भेटायलाच बोलवायला सुरुवात केली. दुसऱ्या मुलीचं दप्तर पाण्याच्या टाकीत टाकलं. एकीला जिन्यावरून ढकललं आणि वर उभी राहून बघत राहिली. कचऱ्याच्या डब्याला काडी लावली. प्रत्येक वेळी ती कामावरून अर्धी रजा टाकून शाळेत जायची, बाईंसमोर उभी राहायची, आणि भिंगरी शेजारी उभं राहून इतकं साफ, इतकं गोड खोटं बोलायची की क्षणभर तिलाच वाटायचं, नसेलच केलं. डोळ्यांत बघून बोलायची. खोटं बोलताना डोळे चुकवणारी माणसं बरी. त्यांना पकडता तरी येतं.

आणि बाई, त्या शाळेतल्या, बोलताना रुमाल नाकाशी धरायच्या. तिला वाटायचं, सर्दी असेल.

बुधवारी संध्याकाळी ती प्रार्थनेला गेली. ती नेहमीच जायची. आठवड्यात एकदा तिथं एक म्हातारे बाबा गात गात सांगायचे, थोडं सांगायचे, थोडं गायचे, पुन्हा सांगायचे, आणि त्यांचं गाणं सांगण्यात कधी शिरलं हे कळायचं नाही. दिवसभर बुटांचे तळ दाबून दाबून मनगटं दुखत असायची, पण तिथं बसलं की तिला वाटायचं, आतली एक शिवण कुणीतरी उसवतंय, हळूच, दुखू न देता. ती शेवटच्या रांगेत दाराशी बसायची. मी आपली मागेच बरी, असं म्हणून. आज ती बसली आणि तिनं दोन्ही बाजूंना बघितलं. तिच्या उजवीकडे तीन खुर्च्या रिकाम्या होत्या आणि डावीकडे भिंत होती. पुढच्या रांगेतही, तिच्या बरोबर समोर, कुणी नव्हतं. हॉल भरला होता, लोक उभे होते, आणि तिच्याभोवती मात्र पाणी ओसरल्यावर राहते तशी कोरडी जागा होती. या जागेला ती आजवर देवाचं देणं समजत आली होती. इथं कुणी धक्का देत नाही, कुणी बोलत नाही. इथं मी आणि तो. तिला रडू आलं नाही. तिला लाज वाटली, आणि लाजेत माणूस आणखी एकटं होतं, कारण ती कुणाबरोबर वाटून घेता येत नाही.

बाबा त्या दिवशी एका भिकाऱ्याचं सांगत होते. कडाक्याच्या थंडीत भिकारी देवाच्या दारात येतो. देव विचारतो, काय रे, माझ्यासाठी आलास? भिकारी म्हणतो, खोटं कशाला बोलू, आत दिवा दिसला, त्याच्या उबेला आलो. इथे बाबा थांबले, त्यांनी एक ओळ घोळवून घोळवून गायली, लोकांना वाटलं आता देव रागावणार. "आणि देव काय म्हणाला? म्हणाला, ये. उबेला तर उबेला. अरे, ऊब तरी दुसऱ्या कुणाची आहे?" लोक हसले. कुणीतरी टाळी वाजवली. तिनं मान खाली घातली. दिव्याची ऊब वेगळी, बाबा. माझ्या बाहीत दिवा नाही. माझ्या बाहीत जे आहे त्यानं पोरगी भिंतीशी तोंड वासून पडली होती. ते माझं आहे म्हणून मी काय आनंद मानू? पण ती ओळ तिच्याबरोबर उठली, चपला घालताना तिच्याबरोबर वाकली. उबेला तर उबेला.

सगळे गेल्यावर ती बाबांच्या जवळ गेली. ते घोटभर पाणी पीत होते.

"बाबा, एक काम होतं. विचित्र वाटेल."

"बोल ना, बाळ."

"माझ्या अंगाला वास येतो का, तेवढं सांगाल?"

बाबांनी पेला खाली ठेवला. त्यांनी तिच्याकडे असं बघितलं की तिला वाटलं, यांना सगळं कळलं. मग त्यांनी खिशातून एक लहान डबी काढली, झाकण उघडून दाखवलं आणि लहान मुलासारखे ओशाळले. "तपकीर. उभा जन्म ओढतोय. हे नाक कधीच गेलं गं. मला गुलाब काय नि गटार काय. कुणाकुणाला सोडायला सांगतो मी, आणि ही डबी मला सोडत नाही." डबी त्यांनी पुन्हा खिशात ठेवली, वरून हातानं दाबली, आहे ना ते बघितलं. "कुणी सांगितलं तुला वास येतो म्हणून?"

"कुणी नाही," ती म्हणाली. "कुणीच नाही सांगितलं इतकी वर्षं."

घरी आल्यावर तिनं धुवायला काढलं. स्वेटर, चादरी, पडदे, उशांचे अभ्रे, भिंगरीचे कपाटातले कपडे. पाणी गढूळ झालं, ते ओतलं, पुन्हा भरलं. साबणाची अख्खी वडी झिजली. पण धुणं कुठे थांबवायचं हे तिला समजेना. डाग असता तर गेलेला दिसला असता. ती प्रत्येक कपडा नाकाशी नेत होती आणि प्रत्येक कपडा सारखाच मुका होता. धुतलेला आणि न धुतलेला. माणसाच्या अंगाला कसला वास येतो, हे सांगायला कुणीतरी इतकं जवळ यावं लागतं. तिनं मनातल्या मनात माणसं मोजली आणि मोजणं लवकर संपलं. आई गेली. नवरा रस्त्यावर. कारखान्यातल्या बायांची नाकं तिच्यासारखीच. इतक्या जवळ येणारी एकच होती आणि तिला भेटायला जाण्यासाठीच तर हे चाललं होतं.

शेवटी शनिवारी दुपारी तिनं शेजारणीचं दार वाजवलं. शेजारीण एका कॅन्टीनमध्ये स्वयंपाक करायची. उतू जाण्याआधी तिला दूध कळायचं. दारात उभं राहूनच तिनं विचारलं, माझ्या अंगाला वास येतो का. शेजारणीनं खांद्यावरचा टॉवेल ओढला. त्याला हात पुसले.

"खरं सांगू? रागावणार नाहीस ना?"

"सांग."

"अगं, तू जिन्यात आलीस की मला आत कळतं. मी भाजीखालचा गॅस बघता बघता म्हणते, आली बाई बुटवाली." ती हसली आणि लगेच हसू गिळून बसली. "आम्हाला काय, सवय झाली. तुझाच वास तो. पोर आली तरी तोच वास यायचा. कधी कधी तर तुझ्याहून जास्त यायचा तिच्याकडून. मी म्हणायचे, एकाच घरातली माणसं, यायचाच."

ती दाराच्या चौकटीला टेकली. म्हणजे असं होतं. पोरीला लपायला दुसरी जागा शोधावीच लागली नव्हती. दुसऱ्यांची पोरं वेलची चघळतात, कपडे बदलतात, तोंड धुतात. भिंगरी नुसती आईची लेक म्हणून फिरत होती. लोक नाक मुरडायचे ते आईसाठी, आणि मायेनं गप्प बसायचे तेही आईसाठीच. आणि आई स्वतः तिच्याशेजारी झोपायची, तिच्या केसांत तोंड घालून, ती झोपेत असतानाच फक्त, कारण जागेपणी ती घालू द्यायची नाही; आणि तिला त्या केसांत काही, काहीच यायचं नाही. तिला वाटायचं लेकरू स्वच्छ आहे.

शेजारणीनं तिला आत ओढलं. तिला वास नसलेले कपडे दिले, स्वतःचे, कपाटाच्या तळचे, निळ्या फुलांचे, जरा सैल. मग तिचे हात हातात घेऊन हुंगले, एक, मग दुसरा, बोटांच्या पेरांशी. "अजून आहे. लिंबू आण तो ओट्यावरचा." लिंबानं घासलं. पुन्हा हुंगलं. मान हुंगली, खांदे हुंगले, एखादं टरबूज निवडावं तशी ती गंभीर होती आणि तिचा श्वास गरम होता. हिला गुदगुल्या झाल्या. किती दिवसांनी कुणी मानेशी आलं होतं. ती एकदम हसली आणि मग ते हसणं तिला आवरेना, ते दुसरंच काहीतरी व्हायला लागलं. शेजारीण थांबली. "बस. आता साबणाचा येतोय," ती म्हणाली आणि तिच्या पाठीवर एक चापट मारली. "जा. केस उद्या सकाळी धू म्हणजे झालं."

सकाळी तिनं केस धुतले. थंड पाण्यानं, दोनदा. आरशात बघताना ती निळ्या फुलांतली बाई तिला कुणाची तरी मावशी वाटली. बसमध्ये तिच्या शेजारी एक माणूस येऊन बसला. नुसता बसला, गुडघे फाकवून, पेंगायला लागला, त्याचा खांदा तिच्या खांद्यावर आला. ती अंग चोरून बसली. इतकी साधी गोष्ट होती तर. आणि तिला भीती वाटली. कारण आता तिच्याजवळ ते काहीच नव्हतं ज्यासाठी भिंगरी उठून आली असती. वास न लावता या, सिस्टर म्हणाली होती. म्हणजे नुसत्या या. ती नुसती कधी कुणाकडे गेलीच नव्हती. कामाला जाताना हात घेऊन जायची, शाळेत जाताना माफी. नुसत्या बाईसाठी कुणी खुर्चीवरून उठतं का?

भेटीच्या खोलीत खुर्च्यांना फटी नसतात, टेबलांना कोपरे नसतात, मुलांच्या पायात बिनबंदाचे जोडे असतात. ती सवयीनं जोडे बघायची. सगळे तळ चांगल्या हातानं लावलेले नव्हते. वकिलाची सिस्टरशी बाचाबाची चालली होती, की त्याच्या वाट्याची दोन बिस्किटं त्याला आज न देता उद्या चार देणं हा अन्याय आहे. "उद्याचं मला सांगू नका सिस्टर, उद्यावर माझा विश्वास असता तर मी इथं असतो का?" सिस्टर म्हणाली, "बस खाली, न्यायमूर्ती." कोपऱ्यात एका मुलाच्या मुठीला जाड पट्टी होती आणि त्याचा बाप त्या पट्टीकडे बघत बसला होता.

भिंगरी आली. केस कापलेले, ओठांच्या कडेला ते लाल चट्टे आता फिकट पडलेले. तिनं आईला बघितलं, निळी फुलं बघितली, क्षणभर थांबली. मग नेहमीसारखी येऊन शेजारी बसली आणि दंडावर तोंड टेकलं. आईला श्वास घेण्याचा आवाज आला. एक लांब श्वास. मग आणखी एक, वर, खांद्याशी. मग भिंगरीचं डोकं थांबलं. आईनं पुढे बघत राहायचं ठरवलं होतं, ती पुढे बघत राहिली, भिंतीवरच्या घड्याळाखाली, जिथं खिळा होता आणि चित्र नव्हतं.

"कुणाचंय हे?"

"शेजारणीचं."

"स्वेटर कुठाय?"

"धुतला."

भिंगरी उठली. तिनं खुर्चीला लाथ घातली. खुर्ची जमिनीला पक्की होती, लागलं तिलाच. "मग कशाला आलीस?" ती म्हणाली, मोठ्यानं नाही, पण खोलीतलं बोलणं थांबलं. "सांग ना. कशाला आलीस मग?" सिस्टर दारापासून दोन पावलं पुढे आली. वकील बिस्किटाचं विसरला. आईच्या मनात आलं, आता भेटी बंद. आता काही आठवडे नाही, आणि त्यानंतर ही मला ओळख दाखवणार नाही. बाबांची उबेची ओळ आठवली, ती सांगण्यासारखी नव्हती, नुसती होती. ती म्हणाली, "बसायला."

"काय?"

"बसायला आलेय. तू नको बसूस हवं तर. मी बसते घंटा होईपर्यंत."

भिंगरी तशीच उभी राहिली. हात मागे बांधून, मुठी आवळून, पायानं जोड्याची टाच आत बाहेर करत. तिला धरावं असं हातांना झालं आणि आईनं हात मांडीखाली दाबून ठेवले. सिस्टर जिथं होती तिथंच थांबली. हळूहळू दुसरीकडची बोलणी पुन्हा सुरू झाली. वकिलानं बहुतेक बिस्किटं मिळवली. भिंगरी बसली. शेजारी नाही, एक खुर्ची सोडून. पुढे बघत राहिली, त्याच खिळ्याकडे. मग तिरकी नजर आली, पुन्हा गेली, पुन्हा आली, आईच्या तोंडावर नाही, कानाशी.

"डोकं इकडे कर," भिंगरी म्हणाली.

तिनं केलं. मधल्या खुर्चीवर हात टेकून ती वाकली. भिंगरीची बोटं तिच्या कानामागे आली, केसांत शिरली, एक बट वेगळी केली आणि नखांनी काहीतरी ओढायला लागली, बारीक, नेटानं. दुखलं. आणि त्या दुखण्याबरोबर एकदम सगळं आलं: कामावर हात भरलेले असतात, केस डोळ्यांवर येतात, मग चिकट बोटानंच बट कानामागे सारायची, सगळ्या बायांची सवय. संध्याकाळी तिथं सोल्युशन वाळून रबराचे मणी धरलेले असायचे. भिंगरी शाळेत जायच्या आधीची, एवढीशी, तिच्या पाठीशी पलंगावर उभी राहायची, एका हातानं तिचा कान धरायची आणि ते मणी काढायची. सगळे एकत्र वळून त्याचा चेंडू करायची, जमिनीवर टाकून बघायची उडतो का. "हलू नको गं आई," म्हणायची. ती हलायची नाही. दिवसातला तेवढाच वेळ होता, तिला कुणी सांगत होतं, हलू नको. पोरीचं हे व्यसन तिथं सुरू झालं का? की तो नुसता आईलेकीचा खेळ होता? ती आठवडाभर सुरुवात शोधत फिरत होती आणि आता कानामागे दुखत असताना तिला तिचा शोध थांबवावासा वाटला.

मणी निघाला. काही केस घेऊन निघाला. थंड पाण्यानं रबर निघत नाही, हे तिला ठाऊक असायला हवं होतं. तिनं डोकं वर केलं. भिंगरीनं तो दोन बोटांत धरला होता, तांदळाएवढा, काळपट. सिस्टर खिडकीपाशी कुणाशी बोलत होती. तिचं लक्ष नव्हतं. भिंगरीनं बोटं नाकाशी नेली. तिचे डोळे मिटले. आईनं बघितलं, ओठ जरासे उघडले, गळ्याशी काहीतरी खाली वर झालं. सिस्टरला हाक मारावी; हात पुढे करावा; ती काहीच करू शकली नाही. फक्त तिच्या लक्षात आलं की आपण श्वास धरून ठेवलाय, आणि आपल्या श्वासानं इथं कुणाचंच काही होणार नाही.

भिंगरीनं डोळे उघडले. आईचा हात मांडीखालून ओढून काढला, पालथा होता तो उताणा केला, मणी तळव्यात ठेवला आणि तिची बोटं एकेक करून मिटवली. अंगठा राहिला होता, तोही वरून दाबला.

"घरी ने," ती म्हणाली. "आणि केस गरम पाण्यानं धूत जा. गार पाण्यानं जात नाही ते."

मग ती आणखी एक खुर्ची पलीकडे सरकली. आता दोघींमध्ये दोन खुर्च्या होत्या. पाय वर घेऊन, गुडघ्यांना मिठी मारून, हनुवटी टेकून ती बसली, आणि आई मूठ तशीच धरून बसली. मूठ तिनं एकदा नाकाशी नेली. काही नाही. घंटा व्हायला अजून वेळ होता.